चीन समजून घ्यायचा तर अक्षर गिरवावं लागेल

सप्टेंबर 2022 मध्ये बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय मुलांसाठी एक सविस्तर सूचनापत्र काढलं. त्यातला एक आकडा त्या वेळी बराच गाजला. 2015 ते 2021 या काळात चीनमध्ये शिकून आलेले 40,417 विद्यार्थी भारतातल्या पात्रता परीक्षेला बसले आणि त्यातले 6,387 उत्तीर्ण झाले, म्हणजे शंभरातले सोळा. त्याच सूचनापत्रातली दुसरी गोष्ट मात्र चर्चेत फारशी आली नाही. शिकवणी इंग्रजीतून असली तरी रुग्ण चिनीच बोलतो, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने चिनी भाषेची चौथ्या पातळीची परीक्षा देण्याइतकी तयारी करावी, असं त्यात सांगितलं होतं. विदर्भातल्या जिल्ह्यांतूनही मुलं या वाटेने जातात. वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 100 जागा आल्या, तरी ज्यांना इथे प्रवेश मिळत नाही ती घरं एजंटकडे चौकशी करतच राहणार. त्या चौकशीत फी किती, वसतिगृह कसं, जेवण शाकाहारी मिळेल का, हे सगळं विचारलं जातं. खाटेवरच्या माणसाला कुठे दुखतंय हे आपल्या मुलाला कळणार कसं, हा प्रश्न मागेच राहतो. सोळा टक्क्यांचा सगळा दोष भाषेवर टाकता येणार नाही. ती परीक्षा इंग्रजीत असते आणि तिथे नापास होण्याची कारणं अनेक आहेत. पण रुग्णाशी बोलता येत नाही आणि त्याचा केसपेपर वाचता येत नाही अशा वॉर्डात काढलेली वर्षं डॉक्टर घडवत नाहीत, हे समजायला आकडेवारी लागत नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण आपल्याच घरात आहे आणि आपण त्याचा सिनेमा करून ठेवला आहे. 1 सप्टेंबर 1938 ला पाच डॉक्टरांचं भारतीय वैद्यकीय पथक मुंबईहून बोटीने, जपानशी लढणाऱ्या चीनला निघालं. त्यात नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. 1946 सालच्या व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे त्यांचा त्याग घरोघरी माहीत झाला. त्यांनी केलेला अभ्यास मात्र त्या त्यागाच्या आड झाकला गेला. अठ्ठाविशीच्या घरातला, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये इंग्रजीतून शिकलेला हा माणूस युद्धाच्या धामधुमीत चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकला. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचा पहिला संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तिथे ते चिनी मुलांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवत होते, आणि त्यासाठी त्यांनी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिलं. दुसरं लिहून व्हायच्या आत, 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. चीनमध्ये त्यांना ‘के तीहुआ’ या नावाने आजही ओळखतात. चारेक वर्षांत परक्या लिपीतून पाठ्यपुस्तक लिहिण्यापर्यंत मजल जाते ती काय केल्याने, हे पाहण्यासारखं आहे. त्यांना कुणी शब्दांची यादी देऊन परीक्षेला बसवलं नव्हतं. सकाळी शिकलेलं अक्षर दुपारी रुग्णाच्या कागदावर लिहायची वेळ येत होती. अक्षर आणि त्याचा उपयोग यांच्यात दिवसाचं अंतर पडत नव्हतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. महाराष्ट्राला चिनी अक्षरं लिहिता-वापरता येणारी स्वतःची माणसं हवीत. ती फार नकोत, पण पक्की हवीत. आणि ती मुंबई-पुण्याबाहेर, वाशीमसारख्या जिल्ह्यातही तयार होऊ शकतात. हे काम ॲपवर पाच मिनिटं बोट फिरवून किंवा ‘नी हाव’ म्हणायला शिकून होत नाही. अक्षर हाताने लिहून, ताबडतोब वापरून होतं. चिनीची धास्ती वाटते ती बहुधा हे अक्षर आपण लांबून पाहतो म्हणून. जवळ जाऊन एक पाहू.

सोयाबीन पिकवणाऱ्या वाशीमच्या माणसाने सुरुवात कुठून करावी हे सांगायला ज्योतिषी नको. सोयाबीनचं अक्षर घ्यावं. चौकोनी खाने आखलेली वही घ्यायची. प्रत्येक खान्यात मधोमध एक उभी आणि एक आडवी फिकट रेघ असते, अक्षराचा तोल सांभाळायला. वर एक आखूड आडवी रेघ. तिच्याखाली एक छोटी चौकट, पण ती चार रेघांत काढायची नाही, तीन रेघांत काढायची: आधी डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी हात न उचलता एका वळणात, मग तळाची आडवी. चौकटीखाली डावीकडे एक तिरका ठिपका, उजवीकडे त्याच्या समोर कललेला दुसरा. शेवटी सगळ्यांत खाली एक लांब आडवी रेघ, सगळं अक्षर पेलणारी. झाल्या सात रेघा. हे ‘दाणा’, ‘शेंगवर्गातलं कडधान्य’ या अर्थाचं अक्षर. मुळात ते उंच बैठकीच्या भांड्याचं चित्र होतं. उच्चार सारखा म्हणून पुढे दाण्यासाठी वापरात आलं. त्याच्याआधी ‘मोठा’ या अर्थाचं तीन रेघांचं अक्षर लिहिलं की दोन अक्षरांचा शब्द होतो: सोयाबीन. रेघांचा क्रम मनाला येईल तसा बदलता येत नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हा साधारण नियम. पहिल्या आठवड्यात तो जाचक वाटतो. पण घाईत लिहिलेलं अक्षर वाचायचं असेल किंवा मोबाइलवर बोटाने अक्षर काढून शोधायचं असेल तर हाच क्रम उपयोगी पडतो, आणि महिन्याभरात हात आपोआप त्या वळणाने जायला लागतो.

आता याच्या पुढचं पाऊल. तेलाचं अक्षर आठ रेघांचं आहे. डाव्या अंगाला पाण्याच्या खुणेचे तीन ठिपके आणि उजवीकडे ‘यौ’ उच्चाराचं दुसरं एक अक्षर. डावा भाग सांगतो की वस्तू पातळ आहे, उजवा सांगतो की उच्चार साधारण असा आहे. सोयापेंडीच्या शब्दात दाण्याच्या अक्षरानंतर येणारं अक्षर याच धाटणीचं: डावीकडे धान्याची खूण, उजवीकडे उच्चाराची. चिनी अक्षरं म्हणजे चित्रं, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. निखळ चित्रातून आलेली अक्षरं थोडी. दहातली आठ किंवा त्याहून जास्त अक्षरं अशी अर्थाची एक बाजू आणि उच्चाराची एक बाजू जोडून बनलेली आहेत. जोडाक्षर फोडून वाचायची सवय असलेल्या मराठी मुलाला ही रचना परकी वाटायचं कारण नाही. 1716 सालच्या खांगशी कोशात 47,035 अक्षरं आहेत हा आकडा सांगून लोकांना घाबरवलं जातं, पण ती कोशातली गर्दी आहे. चीनच्या सरकारने 1988 साली रोजच्या वापरातल्या 2,500 अक्षरांची यादी काढली, आणि छापील मजकुराचा जवळपास 98 टक्के भाग एवढ्यात येतो. ही 2,500 अक्षरं ज्या भागांनी बनतात ते भाग काहीशेच. परक्या माणसासाठी 2021 मध्ये जी नवी पातळीरचना आली तिनेही व्यवहार ओळखला: नऊ पातळ्या मिळून 3,000 अक्षरं वाचता यावीत, हाताने मात्र 1,200 लिहिता यावीत, आणि पहिल्या टप्प्यावर हाताने लिहायची अक्षरं फक्त 300. तीनशे अक्षरं! रोजची दोन धरली तरी पाच महिन्यांचं काम.

उच्चाराच्या बाबतीत तर मराठी माणूस थोडा पुढेच उभा आहे, आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. चिनीचे उच्चार जगाला रोमन लिपीतून शिकवले जातात. त्यात ‘डी’ लिहिलेला असतो तिथे खरं म्हणजे त-ट सारखा अल्पप्राण ध्वनी आहे, ‘बी’ म्हणजे प, आणि ‘पी’ म्हणजे फ. दाण्याच्या अक्षराचा उच्चार रोमनमध्ये ‘दोऊ’ दिसतो, ऐकू येतो तो ‘तोऊ’. त्या दाण्याच्या पनीराचं ‘टोफू’ हे नाव याच शब्दाच्या जपानी रूपातून जगभर गेलं. अल्पप्राण-महाप्राण हा भेद इंग्रजाला कानाला ताण देऊन शिकावा लागतो, आपण तो बाराखडीबरोबर शिकतो. शिवाय ‘चिमणी’तला च आणि ‘चांदण्या’तला च हा मराठीचा खास भेद चिनीतही आहे, हिंदीभाषकाला तो नव्याने बसवावा लागतो. आपली वर्तमानपत्रं ज्यांना ‘जिनपिंग’ लिहितात ते त्यांच्या देशात ‘चिनफिंग’च्या जवळचे आहेत. इंग्रजीवरून उतरवल्याचा हा परिणाम. अडचण आहे ती सुरांची, आणि सूर पक्का झाला तरी ती संपत नाही. एकच ‘तोऊ’ वरून खाली पाडून म्हटला तर दाणा होतो आणि त्याच पडत्या सुरात ‘भांडणं, लढणं’ही होतो. सूर सारखा, उच्चार सारखा, अक्षरं वेगळी. म्हणूनच नुसतं बोलायला शिकून भागवण्याची कल्पना चिनीत फार लांब जात नाही. अक्षर आलं की घोळ मिटतो.

‘मोबाइल समोर धरला की भाषांतर मिळतं, मग हा उद्योग कशाला?’ हा पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप. तो झटकून टाकता येणार नाही. फवारणीच्या ड्रोनवरची सूचना, सोलर इन्व्हर्टरच्या खोक्यावरचा मजकूर, दुकानाची पाटी, एवढ्यासाठी कुणी वर्षभर अक्षरं गिरवायला बसू नये, फोन पुरतो. त्याहून पुढे जाऊन विरोधक असंही म्हणू शकतात की खुद्द चिनी लोक हाताने लिहायचं विसरत चालले आहेत. तेही खरं आहे. फोनवर रोमनमध्ये उच्चार टाइप करायचा आणि समोर आलेल्या अक्षरांतून निवडायचं, या सवयीमुळे पेन हातात घेतल्यावर अक्षर आठवत नाही अशी तक्रार चीनमध्ये सर्रास ऐकू येते. 2013 साली तिथल्या सरकारी वाहिनीवर अक्षरलेखनाची स्पर्धा झाली तेव्हा प्रेक्षकांतल्या बहुतेक प्रौढांना ‘भेक’ हा साधा शब्द लिहिता आला नव्हता. पण जो बालपणी दहा वर्षं गिरवून मग विसरला त्याचं उदाहरण कधीच न गिरवलेल्याला लागू पडत नाही. पहिल्याचा हात विसरला तरी डोळा शाबूत राहतो. दुसऱ्याचा डोळाच तयार झालेला नसतो. ‘माती’ आणि ‘विद्वान’ ही दोन अक्षरं तीन-तीन रेघांची, दोन आडव्या, एक उभी. खालची आडवी लांब असली तर माती, वरची लांब असली तर विद्वान. ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ या दोन अक्षरांतही पाच रेघा त्याच, फरक फक्त कोणती आडवी लांब याचा. नुसतं पाहून शिकणारा इथे रोज ठेचकाळतो. ज्याने दोन्ही वीस-वीस वेळा लिहिली आहेत त्याची नजर घसरत नाही.

आणि फोनचं भाषांतर बरोबर आहे की नाही हे सांगणार कोण? गावच्या दुकानातली पाटी चुकली तर हसून सोडून देता येतं. करारातलं कलम, औषधाची मात्रा, सीमेवरच्या चर्चेतलं निवेदन चुकलं तर नाही. ज्या समाजात तपासणारं कुणी नाही त्याला यंत्राने दिलेलं निमूट मानावं लागतं. लिपी हातची गेली की काय होतं हे महाराष्ट्राने परवाच अनुभवलं आहे. मोडी कित्येक पिढ्या आपल्या दफ्तरांची लिपी होती. ती शाळेतून गेली, कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं. कागद आपले, भाषा आपली, लिहिणारे आपलेच आजे-पणजे, तरी वाचक नाही. ती वेळ आल्यावर माणूस सहा महिन्यांत तयार होत नाही.

दुसरा आक्षेप मनातून येतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. 15 जून 2020 ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. ज्या देशाशी हे वैर, त्याची अक्षरं आपल्या मुलांनी का गिरवायची? त्याच वर्षी 29 जुलैला मंजूर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परकी भाषांच्या उदाहरणांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन आहेत, चिनी नाही. 2019 च्या मसुद्यात ती होती. धोरणाने बंदी घातलेली नाही, पण नाव गळल्याने जो संदेश जायचा तो गेला. आता याच देशाचं संरक्षण मंत्रालय दिल्लीत परकी भाषांचं विद्यालय चालवतं आणि तिथे चिनी शिकवतं. लष्कराला जे कळतं ते शिक्षण खात्याला कळू नये, हे गमतीचं आहे. समोरच्याशी मैत्री असेल तर भाषा हवी, वैर असेल तर ती जास्तच हवी. चीनने हा हिशोब आपल्याआधी केला. पेकिंग विद्यापीठात हिंदी 1940 च्या दशकापासून शिकवली जाते. 1962 च्या युद्धानंतरही ती बंद पडली नाही. तिथलेच प्राध्यापक ची श्यानलिन यांनी तर सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसत, चोरून म्हणावं असं, वाल्मीकी रामायण मूळ संस्कृतातून चिनीत आणलं. त्यांना 2008 मध्ये आपणच पद्मभूषण दिलं.

या आक्षेपात एक रास्त धागा आहे तो वेगळा काढायला हवा. चिनी शिकवण्याच्या निमित्ताने चीनच्या सरकारी यंत्रणेला आपल्या महाविद्यालयांत पाय रोवू द्यावेत का? चीन सरकारच्या पाठबळाने परदेशांत चिनी शिकवणाऱ्या कन्फ्यूशियस संस्थांबद्दलची शंका निराधार नव्हती. 2020 मध्ये केंद्राने त्यांचा फेरविचार सुरू केला, तोही चुकीचा नव्हता. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘चिनी नको’ असा नाही, ‘शिक्षक आपले हवेत’ असा आहे. आणि आपले शिक्षक आकाशातून पडत नाहीत. 1947 साली भारत सरकारने काही तरुण पेकिंगला शिकायला पाठवले, त्यात वसंत परांजपे नावाचा एक मराठी तरुण होता. पुढे नेहरू आणि माओ समोरासमोर बसले तेव्हा मधे दुभाषा म्हणून परांजपे होते. जुन्या राजवटीच्या अखेरीस, यादवी पेटलेल्या देशात पाठवलेल्या मुलाचा सात वर्षांनी देशाला असा उपयोग होईल, हे पाठवणाऱ्यालाही नेमकं ठाऊक नसणार. भाषेतली गुंतवणूक अशीच करावी लागते.

आक्षेप बाजूला ठेवले तर चिनी शिकण्याचं एक कारण मला सगळ्यांत जास्त पटतं, आणि ते थेट वाशीमचं आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं कोरवलं. त्याचा शिलालेख तिथे आहे आणि लेण्याकडे चढणाऱ्या वाटेच्या दारात दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, सुमारे 641 मध्ये, चिनी प्रवासी ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. त्याने पुलकेशीबद्दल लिहिलं, इथली माणसं मानी आहेत असं लिहिलं, ते शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याने राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचंही वर्णन केलं आहे: खोल दरी, खडकात कोरलेली दालनं, आणि दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती. हा विहार बांधणाऱ्या अर्हताचं नाव त्याने तीन चिनी अक्षरांत उच्चाराबरहुकूम उतरवलं, ‘आचार’ असं काहीतरी. आणि अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल याने विहार करवल्याचा उल्लेख आहे. ह्युएन त्संग स्वतः तिथवर गेला की त्याने ऐकून लिहिलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाद होऊ देत. पण त्या वादात भाग कोण घेतो? 1857-58 मध्ये ज्युलियनने त्याच्या प्रवासवर्णनाचं फ्रेंचमध्ये भाषांतर केलं, 1884 मध्ये बीलने इंग्रजीत, पुढे वॉटर्सने त्यावर टिपा लिहिल्या, आणि आपण त्या इंग्रजीवरून मराठी करतो. आपल्याच डोंगरातल्या आपल्याच राजवटीच्या लेण्याबद्दलचं जुनं टिपण आपण इंग्रजीच्या चाळणीतून वाचतो.

असं नेहमीच नव्हतं. फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट पालीचे पंडित, पण पालीच्या अभ्यासानेच त्यांना चिनीकडे नेलं. ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाची मूळ पाली प्रत हाती नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी झालेलं त्याचं चिनी भाषांतर टिकलं. बापटांनी ते चिनी वाचून ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाशी ताडून पाहिलं आणि 1937 मध्ये पुण्यात तो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्याच महाविद्यालयातले वा. वि. गोखले चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून हरवलेले संस्कृत ग्रंथ धुंडाळत होते. भारतात लिहिलेली आणि भारतात नष्ट झालेली किती पुस्तकं केवळ चिनी अक्षरांत उरली आहेत, याची यादी मोठी आहे. महाराष्ट्रात बौद्ध वाङ्मयाबद्दल आस्था असलेला समाज लाखोंनी आहे, विदर्भात तर तो गावोगावी आहे. त्या समाजातल्या दहा तरुणांना हे मूळ चिनीतून वाचता आलं तर अभ्यासाची दिशाच बदलेल, आणि त्यासाठी चीनच्या आजच्या सरकारशी काही देणंघेणं असण्याची गरज नाही.

सोयाबीनकडे पुन्हा वळायचं तर एक गोष्ट सरळ सांगायला हवी. चिनी शिकल्याने वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजार समितीत क्विंटलमागे रुपयाही वाढणार नाही. 2024-25 मध्ये हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता. त्याची कारणं खाद्यतेलाच्या आयातीत, पेंडीच्या निर्यातीत आणि खरेदी केंद्रांच्या कारभारात आहेत, लिपीत नाहीत. शेतकऱ्याने चिनी शिकावं असं कुणी म्हणू नये. पण चीन वर्षाला सुमारे 10 कोटी टन सोयाबीन बाहेरून घेतो, जगात सगळ्यांत जास्त. चीनमधल्या तालियनच्या वायदेबाजारात दाणा, तेल, पेंड यांचे सौदे होतात. आपल्याकडे सोयाबीनचे वायदे डिसेंबर 2021 मध्ये बंद करण्यात आले. तिकडे काय चाललंय हे विदर्भाला कळतं ते शिकागो किंवा सिंगापूरच्या इंग्रजी बातमीवरून, जेवढं त्यांनी सांगितलं तेवढंच. ज्या पट्ट्याचं अर्धं वर्ष या एका पिकावर चालतं, तिथल्या एखाद्या पत्रकाराला, शेतकरी कंपनीच्या एखाद्या व्यवस्थापकाला, कृषी विद्यापीठातल्या एखाद्या संशोधकाला चिनी कृषी खात्याचं परिपत्रक मुळातून वाचता येऊ नये, हे काही अभिमानाचं लक्षण नाही. सोयाबीनवर शेकडो वर्षांचं ज्ञान आणि आजचं प्रचंड संशोधन ज्या भाषेत आहे ती हीच.

शेवटचा आक्षेप जिल्ह्यातूनच येईल. 2018 मध्ये निती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार घातले त्यात वाशीम आहे. शाळांना गणित-इंग्रजीचे शिक्षक मिळण्याची मारामार, आणि इथे चिनी? प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणूनच शाळेत चिनी आणा अशी मागणी मी करत नाही. प्राथमिक शाळेचा एक रुपयाही इकडे वळवू नये. कोटणीसांनी पहिलं अक्षर काढलं ते डॉक्टर झाल्यावर. ही मोठ्यांनी, स्वखुशीने, गरज ओळखून शिकायची गोष्ट आहे. पण ‘मागास जिल्हा’ या शिक्क्याचा असाही अर्थ काढला जातो की इथल्या मुलाने कौशल्य म्हणून फक्त वेल्डिंग आणि टॅली शिकावं, आणि दूरच्या जगाचं जे काही असेल ते पुण्याने पाहावं. तो अर्थ मान्य करायचं कारण नाही. चिनी अक्षराला प्रयोगशाळा लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. वही, पेन, एक कोश आणि चुका दाखवणारा शिक्षक लागतो.

तेव्हा करण्यासारखं असं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने आपल्या अखत्यारीतल्या दोन-तीन महाविद्यालयांत, त्यात एक वाशीममधलं, दोन वर्षांचा प्रमाणपत्र वर्ग काढावा. पंधरा-वीस विद्यार्थी पुरेत. शिक्षक दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून किंवा शांतिनिकेतनच्या चीना भवनातून शिकून आलेला भारतीय असावा, आणि त्याला तासिका तत्त्वावर न नेमता पूर्ण पगार द्यावा, नाहीतर तो सहा महिन्यांत बंगळूरूच्या कंपनीत जाईल. उच्चार देवनागरीतून शिकवणारं मराठी पुस्तक तयार करून घ्यावं. रोमनच्या पायऱ्या चढून जायची आपल्याला गरज नाही. पहिल्या वर्षी 300 अक्षरं हाताने, आणि प्रत्येक अक्षर त्याच आठवड्यात खऱ्या कागदावर वापरून: डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने रुग्णाच्या तक्रारी लिहाव्यात, शेतीवाल्याने पेंडीच्या सौद्याचा तक्ता वाचावा, इतिहासवाल्याने ह्युएन त्संगची ती हत्तींची ओळ कोश घेऊन सोडवावी. परीक्षेत पर्यायांवर खुणा करायला न देता कोरा कागद द्यावा. दोन वर्षांनी वीसपैकी पाचच टिकतील. त्या पाचांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती ठेवावी, कारण बाकीचे पंधरा गळणार हे धरूनच हा खर्च मांडायला हवा.